घमेलं पडल्याची नोंद

दर मार्चमध्ये माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा येतो. ‘बालविकास आणि कौटुंबिक संबंध’ ह्या पेपरच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या. प्रत्येकीने एक लहान मूल निवडायचं, वर्षभर महिन्यातून दोनदा त्याच्या घरी जायचं आणि ते काय करतं ते लिहायचं. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे कॉलेजात मला खुर्ची आहे, कपाट नाही. वह्या पिशवीत भरून घरी आणते आणि दुपारी भांडी झाली की घेऊन बसते. खरं सांगायचं तर वाचत नाही मी. कव्हर आहे, अनुक्रमणिका आहे, चित्रं चिकटवली आहेत, की पानोपान लाल पेनाने बरोबरची खूण करायची. कंटाळा आलाय मला, आणि आता तो लपवायचाही कंटाळा आलाय.

यंदा तेरा वह्या होत्या. नऊ झाल्या. दहाव्या वहीचं पान उलटताना कशी कोण जाणे, एका ओळीवर नजर पडली. ‘भिंतीवर टेकवलेले घमेले पडल्याचा आवाज होताच बालक दचकून आईकडे पाहते.’

ही ओळ माझी होती. मी बनवलेली, आणि खोटी.

सात-आठ वर्षं झाली असतील. लग्नानंतर मी एम.ए.ला नाव घातलं होतं. कामरगावहून जीपने निघायचं, पुढे गाडी बदलायची आणि तास संपवून चारपर्यंत परत यायचं, कारण सासऱ्यांचा चहा. कौटुंबिक संबंधांच्या तासाला मॅडम फळ्यावर लिहायच्या, ‘कुटुंबातील निर्णयप्रक्रिया’. माझ्या घरची प्रक्रिया सोपी होती. सासरे ठरवायचे, सासूबाई कळवायच्या. निरीक्षणासाठी मूल शोधायचं आहे म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्याच्या लेकराले पाहाले कॉलेज लागते काय व? आन् जाचंच असंल तं जवळपास जा.”

म्हणून मी गावाबाहेरच्या वस्तीवरची एक पोरगी निवडली. सव्वा वर्षाची, गोल डोक्याची, मातीत बसून चमच्याने माती उकरणारी. तिची आई माझ्याच वयाची. पावसाळाभर लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. “माही पोरगी लय शांत हाये, ताई,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. “तरास देतच नाई.” मीही लिहिलं, ‘बालक शांत स्वभावाचे’.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. पोरगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी हाक मारली. तीनदा मारली. तिने वळून पाहिलं नाही. तेवढ्यात भिंतीला टेकवलेलं लोखंडी घमेलं शेळीच्या धक्क्याने दगडावर पडलं. मी दचकले, तिची आई दचकली, शेळी तर दावं तोडायच्या बेतात. पोरगी माती उकरत राहिली. कच्च्या वहीत मी लिहून ठेवलं, ‘आवाजाला प्रतिसाद नाही. पुन्हा पाहणे.’ ते पुन्हा पाहणं राहूनच गेलं. दिवाळी आली, ट्रक आला आणि वस्ती रिकामी झाली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझ्या वहीची चार महिन्यांची पानं कोरी होती. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “बाहेरचे परीक्षक येणार आहेत, वही पूर्ण हवी. दुसरं मूल घ्या, नाही तर बघा तुमचं तुम्ही.” मार्चमध्ये दुसरं मूल कुठून आणू? आमच्याकडे अशा वेळी करायचं काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या वर्षीच्या मुलीची वही मागून आणायची आणि उतरवून काढायची. मीही आणली. पण मला वाटायचं आपण जरा हुशार. नुसतं उतरवलेलं परीक्षकांना कळेल, एखादी खरी वाटणारी गोष्ट पाहिजे. म्हणून दसऱ्याचं घमेलं उचललं आणि जानेवारीच्या पानावर पाडलं. आणि पोरीला दचकवलं, कारण त्या वयाच्या मुलाने दचकायला हवं असं पुस्तकात होतं. परीक्षकांनी नेमकी ती ओळ वाचून ‘छान निरीक्षण’ असा शेरा दिला. मी खूश होऊन घरी आले आणि चहा टाकला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वस्ती परत आली. पोरगी दोन वर्षांची झाली होती, आणि ‘आई’सुद्धा म्हणत नव्हती. त्याच आठवड्यात अंगणवाडीत तपासणीची गाडी आली. अंगणवाडीच्या ताईंनी मला निरोप धाडला, “तुमी वर्षभर लिवलं न तिचं? वही घेऊन या.” मी गेले. कॉलेजातून परत मिळालेली वही छातीशी धरून, सासऱ्यांच्या देखत, नवी साडी नेसून गेले, हेही सांगूनच टाकते.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने पोरीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याचे हात पाहून ती हसली. मग त्याने माझी वही चाळली. “जानेवारीत घमेलं पडलं तेव्हा दचकली,” त्याने मोठ्याने वाचलं. “म्हणजे ऐकू येतंय. काही मुलं उशिरा बोलतात. थांबा सहा महिने.”

मी तिथेच उभी होते. ‘ते खोटं आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण निकाल लागायचा होता, मागोमाग आलेले सासरे दारात उभे होते, अंगणवाडीच्या ताई कौतुकाने बघत होत्या. मी पोरीकडे पाहिलं, मग वहीकडे, मग पायातल्या चपलांकडे. गाडी निघून गेली. माझा पहिला वर्ग आला.

सहा महिन्यांनी ते लोक पुन्हा उसात होते. पोरीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा ती चार वर्षांची होऊन गेली होती. कानाचं मशीन मिळालं, बोलायला शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, पण हे सगळं लवकर झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्या बाई म्हणाल्याचं अंगणवाडीच्या ताईंनी मला सांगितलं. त्यानंतर मी वस्तीकडच्या रस्त्याने जाणं सोडलं. माझी वही मात्र हिंडत राहिली. मी ती धाकट्या वर्गातल्या एकीला दिली होती, तिने पुढच्या मुलीला दिली. घमेलं दरवर्षी पडत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दहाव्या वहीवाल्या मुलीला मी बोलावलं. ती शहरातली, दुसऱ्या मजल्यावरच्या घरातलं मूल निवडलेली.

“दुसऱ्या मजल्यावर घमेलं कुठून आलं गं?”

ती गोंधळली, मग हसली. “मॅडम, सगळ्यांचंच पडते.”

मला राग आला, आणि त्या रागाचा हक्क मला नाही हेही लगेच कळलं. मी तिला जायला सांगितलं. परत येताना घरी गेलेच नाही. चार वाजून गेले होते, चहा चुकला तर चुकला. सरळ वस्तीवर गेले.

पोरगी दारात बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. नऊ वर्षांची, लांब वेणी, कानामागे मशीन. मला पाहून तिने आत जाऊन आईचा पदर ओढला. आई बाहेर आली, बसा म्हणाली, पाणी दिलं. माझ्याच वयाची बाई, माझ्याहून दहा वर्षांनी थकलेली. यंदा नवरा एकटाच उसाला गेला होता, पोरीच्या शाळेसाठी ही मागे राहिली होती.

मी एका दमात सांगितलं. वही खोटी होती. ती दचकली नव्हती. मला तेव्हाच संशय आला होता आणि मी गप्प बसले. सांगताना मला रडू आलं आणि त्याचीही लाज वाटली.

ती घाटे सोलत राहिली. मग म्हणाली, “मले मालूम होतं, ताई.”

मला कळेना.

“डॉक्टर वाचून राह्यला होता न, जानेवारीत घमेलं पडलं म्हणून. जानेवारीत आमी इथं होतो कुठी? आमी तं उसात होतो.”

“मग तू बोलली काहून नाही?”

तिने पोरीकडे पाहिलं. पोरगी आमच्या ओठांकडे बघत होती. “तुमी शिकलेल्या. अन् तो म्हणे का पोरगी चांगली हाये. मले बी तेच पाह्यजे होतं, ताई. कोनीतरी म्हनावं का माही पोरगी चांगली हाये.”

पोरीने ओंजळभर सोललेला हरभरा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि खाल्ला.

निघताना तिच्या आईने विचारलं, “आता तुमीच मॅडम झाल्या न? मंग त्या पोरीयले सांगत असान, खरं लिवत जा म्हणून?”

मी हो म्हटलं. घरी तेरा वह्या पडल्या होत्या, आणि त्यांतल्या नऊंवर मी न वाचता बरोबरची खूण केलेली होती.