लेकीच्या वाटेवरचे सॉकेट

विजेवर उभं आयुष्य पोट भरूनही विजेवर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा वीज खात्यात वायरमन होते. इतर लोक पावसाळे बघतात, मामांनी तीसेक पावसाळे खांबावर बसून काढले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त झाला नाही. चष्मा विसरतील, छत्री विसरतील, टेस्टर नाही. माझ्या लग्नात इकडे मंगलाष्टकं चालू आणि वधूपिता मंडपाच्या एकेका लोखंडी खांबाला टेस्टर लावत फिरतोय, हे मी स्वतः अंतरपाटाच्या वरून पाहिलेलं आहे. आमच्या सांगलीच्या वऱ्हाडाला वाटलं, कोकणातला काही विधी असावा. माझ्या मावशीने तर त्या खांबांना मनोभावे नमस्कारसुद्धा केला.

लाइट गेली की बाकीची घरं मेणबत्ती शोधतात. मामा आधी पडवीत येतात, कान देतात, हवा हुंगतात आणि निकाल सांगतात. "कुवारबावच्या अंगाला गेलीय. आकेशीचं झाड हाय. पडलं नाय, टेकलंय. दीड तास." पहिली दोन वर्षं मी हसलो. मग घड्याळ लावून बघायला लागलो आणि हसणं बंद केलं. कुठलं झाड कुठल्या तारेवर रेलतं हे त्यांना तोंडपाठ. नातवंडांचे वाढदिवस तेवढे सासूबाईंना आठवण करून द्यावे लागतात. घरात खोलीगणिक एक कंदील, वात कापून तयार. मोबाइल शहाण्णव टक्क्यांवर उतरला की यांचा जीव खालीवर होतो आणि फोन चार्जिंगला लागतो. "लाइट म्हंजे पावणा, जावईबापू. हाय तवर पोटभर बोलून घ्यावं. उठून कदी जाईल नेम नाय." यावर सासूबाई म्हणतात, की चाळीस वर्षांत माझ्या जेवणाची एवढी चौकशी झाली असती तर मी सोन्याची झाले असते.

अशा माणसाच्या लेकीने, म्हणजे माझ्या बायकोने, विजेवर चालणारी मोटार घ्यायचं ठरवलं. ती तेव्हा राजापूर तालुक्यात नाटे गावच्या शाळेत शिकवत होती. रोज पन्नास किलोमीटर जायचं, पन्नास यायचं. जुनी गाडी खोकायला लागली होती आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी अबोला धरून होत्या. चार घरं पलीकडे राहणाऱ्या मामांना ही बातमी कळली आणि त्या दिवसापासून आम्हाला अन्न गोड लागलं नाही. सकाळच्या चहाला एक मुद्दा, संध्याकाळच्या चहाला दुसरा. "पेट्रोल बाटलीतनं आणता येतं. लाइट आणा बघू बाटलीतनं!" मी धुराचं, हवेचं, पुढच्या पिढीचं काहीबाही बोललो. "धूर नाय कसा? कोळसा लांब कुठंतरी जळतो, आपल्या नाकात जात नाय येवढंच." पेट्रोल संपलं तर परका माणूससुद्धा अर्धा लिटर काढून देतो, करंट कोण उसना देणार, असा त्यांचा सवाल होता. दुकानात गाडी बघायला गेलो तेव्हा विक्रेत्याने मोठ्या ऐटीत सांगितलं, एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटर. मामांनी शांतपणे विचारलं, "हे सुक्यातले का पावसातले?" तो साहेबांना विचारून येतो म्हणून आत गेला, तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

तरीही गाडी आली. आली म्हणजे तिच्यापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालणं आलं, आणि आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान मामांचा. आता हे काय करतात म्हणून सगळी वाडी गोळा झाली. मामांनी टोपी घातली, हात जोडले आणि सुरुवात केली. "बा गावदेवा म्हाराजा! आज ह्या लेकरान् दारात वाहान आणलंय…" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "बापाचं ऐकलं नाय, तरी आणलंय…" "व्हय म्हाराजा!" "गाडीत इंजिन नाय, सायलेन्सर नाय, नुसती बॅटरी ती काय हाय…" "व्हय म्हाराजा!" बायको पदराआड हसत होती, मीही ओठ चावत उभा होतो. देवासमोर अख्ख्या वाडीकडून आपलं म्हणणं मंजूर करून घेणारा असा वकील मी दुसरा पाहिला नाही. पुढे त्यांनी तारांचं, खांबांचं, वादळाचं सगळं देवाच्या कानावर घातलं. मग म्हणाले, "आणि पावसात सड्यावर जवा माजी बाय एकटी असंल…" एवढं बोलून ते थांबले. वाक्य संपलं की राहिलं, कुणालाच कळेना. शेवटी एका म्हाताऱ्याने हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि नारळ फुटला.

तेव्हा मला कळलं की भांडण गाडीशी नव्हतंच. नाट्याला जाताना गावखडी सोडली की पुढे कित्येक ठिकाणी रस्ता उघड्या कातळावरून जातो. तिथे घर नाही, आडोसा नाही, पावसात फोनही लागत नाही. त्या सड्यावर मामांनी तुटलेल्या तारा जोडताना रात्री काढल्या होत्या. तिथे एकटं अडकणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी फक्त त्यांना माहीत होतं.

गाऱ्हाण्यानंतर मामा गायब व्हायला लागले. सकाळच्या एसटीने डबा घेऊन जायचे आणि दिवेलागणीला चिखलाने माखून यायचे. विचारलं तर "हाय एक काम." सासूबाईंना वाटलं, निवडणुकीला उभे राहतायत की काय. पंधराएक दिवस हे चाललं आणि मग एका संध्याकाळी बायको शाळेतून आली ती गाडीतून उतरेचना. आडिवऱ्याच्या अलीकडे चहाला थांबली होती म्हणे. तिथली टपरीवाली म्हणाली, "तू वायरमनांची बाय ना? आमच्याकडं प्लग हाय हां. अडलीस तर कदीपण ये, दार वाजव."

मामांनी रत्नागिरी ते नाटे वाटेवरची अकरा घरं धरली होती. बहुतेकांच्या घरात पहिली लाइट यांनीच जोडलेली, त्यामुळे ओळख काढावी लागली नाही. पण नुसत्या सॉकेटवर यांचं समाधान होणार थोडंच! या गाड्यांना अर्थिंग चांगलं लागतं, आणि कातळात अर्थिंग मिळवणं म्हणजे दगडातून दूध काढणं. म्हणून सत्तरी ओलांडलेला हा माणूस दारोदार खड्डे खणून त्यांत कोळसा आणि मीठ भरत होता. वर प्रत्येक घरच्या बाईला बजावून येत होता, उन्हाळ्यात ह्या खड्ड्यात दोन तांबे पाणी घालत जा, तुळशीला घालता तसं. करंट कोण उसना देणार, या स्वतःच्याच सवालावर ते घरोघर उत्तर मागत फिरले होते, आणि अकराही घरांनी हो म्हटलं होतं.

आणि गाडी? गाडी तीन वर्षांत एकदाही अडली नाही. मामा रोज संध्याकाळी फाटकाशी उभे. गाडी वळली की पहिला प्रश्न, "किती उरलं?" बायको म्हणायची, "पंचावन्न टक्के." मामा नुसते "हं" म्हणून मान डोलवायचे. त्या "हं"मध्ये सुटकेचा श्वास असायचा, आणि खोटं कशाला बोला, बारीकशी निराशाही असायची. एवढी अकरा घरं तयार ठेवली, आणि कोणी दार वाजवीना.

गेल्या उन्हाळ्यात बायकोची बदली रत्नागिरीतच झाली. नाट्याच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी दुपारी तिने मामांना फोन केला. "बाबा, टपरीपाशी थांबलेय. चार्जिंग पुरेलसं वाटत नाही." मला तिने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. मामा मोटारसायकलवर माझ्या मागे बसले, खांद्यावर वायरचं वेटोळं. पावस गाव येईपर्यंत तीनदा म्हणाले, "मी बोललो नव्हतो?" इतका आनंदी आवाज मी त्यांचा लग्नातही ऐकला नव्हता.

तिथे पोचल्यावर त्यांनी सॉकेट तपासलं, खड्ड्यात पाणी ओतलं, मोटारीला वायर जोडली. हिरवा दिवा लागला तसे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. टपरीवाली म्हणाली, "बगा, तुमी केलंत म्हणून बाय सुटली." मामांची छाती दोन इंच वाढली. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि चष्मा कपाळावर सारून आतल्या पडद्याकडे वाकून पाहिलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिथला चार्जिंगचा आकडा झाकायचं आम्हा दोघा शिकलेल्यांना सुचलंच नव्हतं. मामांनी दार अलगद लावलं, बाकावर येऊन बसले आणि चहा मागवला. पुढचा तासभर त्यांनी टपरीवालीला बॅटरीचे धोके समजावून सांगितले.

निघताना ते लेकीशेजारी पुढच्या सीटवर बसले. मी खिडकीशी उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"बासष्ट टक्के होतं, बाय," मामा समोर बघत म्हणाले. "दिसलं मना. पण बोलावलंस ते बरं केलंस."

बायकोने स्टिअरिंगवर हात ठेवले होते. गाडी सुरू करायला तिला बराच वेळ लागला.