मामांचा कायदा

समोरच्याच्या तोंडाकडं न बघता थेट त्याच्या किडन्यांकडं बघून नमस्कार करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भरल्या घरात जाहीर केलं, "जावईबापू, माल चांगला हाय! तंबाखू न्हाय न्हवं? मग जपा. तुमच्यामागं पाच-सा जणांची सोय हुतीया." मला वाटलं, माझ्या नोकरीचं कौतुक चाललंय. मी लाजून हसलोसुद्धा. माझ्या मरणानंतर माझे अवयव किती जणांना पुरतील याचा तो अंदाज होता, हे सासूबाईंनी नंतर सांगितलं.

मामांचा धंदा मंडपाचा आणि स्पीकरचा. त्यामुळे गावातल्या प्रत्येक शुभकार्यात माईक आपोआपच त्यांच्या हाती. अक्षता पडून पंगती बसेपर्यंतचा जो मोकळा वेळ असतो, त्यात इतर स्पीकरवाले गाणी लावतात. मामा अवयवदान लावतात. "दारातली पांढरी गाडी कुणाची हाय ती काढा," या वाक्याला जोडूनच, श्वासही न घेता, "आणि मंडळी, डोळं जाळू नका!" असं सुरू होतं. एका लग्नात तर त्यांना भलताच हुरूप चढला. "नवरीचं डोळं बघा, हरणागत हायत! असलं डोळं जाळणार व्हय तुमी?" नवरीची आई ढसाढसा रडू लागली. नवऱ्याच्या चुलत्यानं धावत जाऊन वायर उपटली. पण मामांचा आवाज वायरीवर अवलंबून नव्हताच. उरलेलं भाषण त्यांनी तसंच पुरं केलं आणि ते पलीकडच्या गल्लीतही स्वच्छ ऐकू आलं म्हणे.

दारू पिणारा दिसला की त्यांचा जीव तिळतिळ तुटे. "लिव्हर तुझ्या बाचं हाय व्हय रं? सरकारचं हाय ते! तुज्याकडं वापरायला दिलंय!" भर चौकात एका अनोळखी माणसाला ते असं ओरडले, तेव्हा तो बिचारा खरोखरच कुणी सरकारी साहेब आले म्हणून बाटली मागं लपवून उभा राहिला. स्वतःच्या बाबतीतही तितकेच कडक. जन्मभर मिसळीवर तिखटजाळ कटाचा रस्सा मागून मागून ओरपणारा हा माणूस एका सकाळी म्हणाला, "बास. पुढच्या मालकाला जळजळ नको," आणि तेव्हापासून गंगावेशीत, जिथं म्हशी समोर पिळून दूध देतात त्या कट्ट्यावर उभं राहून दुधाचा पेला मिशीला लावू लागला.

हे वेड आलं ते आण्णांमुळे. आण्णा म्हणजे धंद्यातले त्यांचे जैन भागीदार. मामांनी आरडाओरडा करायचा आणि आण्णांनी शांतपणे तो निस्तरायचा, अशी त्यांची वाटणी होती. आण्णांच्या किडन्या गेल्या. मामा त्यांना स्कूटरवर मागं बसवून डायलिसिसला न्यायचे, आणायचे. किडनी मिळावी म्हणून नंबर लावलेला होता, पण तो यायच्या आधीच आण्णा गेले. त्या दिवशी स्मशानातून परत येताना मामा रस्त्यात थांबले. "रोज इथं किती जळत्यात," ते म्हणाले, "आणि आमाला एक मिळंना."

तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं. कायदा करा. मेला माणूस की अवयव काढून घ्यायचे, कुणाला विचारायचंच नाही. "इच्यारायचं काय त्यात? सरणावर ठेवताना इच्यारताय व्हय मयताला, पावणं, शेणी वाळक्या घालू का वल्या?" या बिनतोड मुद्द्यापुढं भले भले गप्प व्हायचे. गप्प व्हायच्या नाहीत त्या फक्त मामी. भाकरी थापता थापता त्या म्हणायच्या, "सक्तीनं न्यायचं तर त्येला दान कशाला म्हणतासा? जप्ती म्हणा की!" मग मामा ताट पुढं ओढून, "तुला कळायचं न्हाय," एवढंच बोलायचे.

आणि मग आक्काचं झालं.

आक्का ही मामांची थोरली बहीण. हातकणंगल्याजवळच्या एका गावात ती आणि तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणतो, दोघंच राहायची. मूलबाळ नव्हतं. थोडा ऊस, एक म्हैस आणि एकमेकांशी लुटूपुटीची भांडणं, यात त्यांचा संसार मजेत चालला होता. एका सकाळी गोठ्यात आक्का "डोकं लई दुखतंय," म्हणाली आणि तिथंच कोसळली. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणेपर्यंत मेंदूत रक्तस्राव झाला होता. यंत्रावर श्वास चालू होता. डॉक्टरांनी दोनदा तपासण्या केल्या आणि मग दाजींना समोर बसवून सांगितलं, की मेंदू पूर्ण थांबला आहे; हे जे चालू दिसतंय ते यंत्रामुळं; आक्का गेली.

आम्ही सगळे व्हरांड्यात होतो आणि सगळ्यांच्या नजरा मामांवर होत्या. मामींनी तर माझ्या कानात सांगितलं, "आता सुरू झालं तर त्यास्नी भाईर न्या." पण मामा सुरू झाले नाहीत. ते दाजींजवळ जायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "दाजी, च्या आणू?" दाजी मान हलवायचे. मामा चहा आणायचे. तो निवायचा. थोड्या वेळानं पुन्हा उठायचे, पुन्हा घसा साफ करायचे, आणि पुन्हा, "दाजी, च्या?" बाकाखाली गार चहाचे कप जमले होते. शेकडो लोकांपुढं माईक धरणाऱ्या माणसाला एका माणसाला एक प्रश्न विचारता येत नव्हता.

शेवटी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आल्या. तरुण होत्या, हळू बोलत होत्या. आक्काच्या किडन्या, लिव्हर, डोळे कुणाच्या उपयोगी पडू शकतील, हे त्यांनी दाजींना नीट समजावलं. "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, काका. कुणी काही म्हणणार नाही."

दाजींनी मामांकडं पाहिलं. "तुमी बोला की. रोज बोलतासा."

"मी काय बोलू?" मामांचा आवाज फाटला. "माजी आक्का हाय ती, दाजी."

दाजींनी हातातला गार चहाचा कप बाकाखाली ठेवला. मग म्हणाले, "मागल्या लग्नात तुमचं भाषाण ऐकून आली. घरात आल्या आल्या मला म्हणाली, माजं काय चालण्यासारखं आसलं तर दिऊन टाका. तेवढाच त्येचा घसा तरी वाचंल."

मामींच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. दाजी बाईंकडं वळले. "तिला दुखायचं न्हाय न्हवं?" बाई म्हणाल्या, "नाही काका." दाजी म्हणाले, "मग घ्या."

त्यानंतर काय धावपळ उडाली! एक किडनी इथंच लागणार होती, लिव्हर पुण्याला जाणार होतं. दुपारी पोलिसांनी लिव्हर नेणाऱ्या गाडीसाठी रस्ता मोकळा करायला घेतला, शिट्ट्या वाजू लागल्या, आणि इतका वेळ मुका झालेला माझा मामेसासरा अचानक उठला आणि फाटकाकडं धावत सुटला. मी मागं धावलो. चौकात नेमका उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आडवा आलेला, टेपवर धडाधडा गाणी लावलेली. मामा त्याच्या पुढ्यात उभे राहिले. हातात माईक नव्हता, पण तो सगळा चौक त्यांनी हलवला. "सरका! सरका की रं! माजी आक्का निघालीया पुण्याला! माजी आक्का निघालीया!"

ट्रॅक्टरवाल्यानं आधी टेप बंद केला, मग गाडी मागं घेतली. दुचाकीवाले खाली उतरून आपापल्या गाड्या कडेला ढकलू लागले. फळवाल्यानं हातगाडी फुटपाथवर चढवली. दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली, आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून दिवा फिरवत ती पांढरी गाडी अशी सुसाट गेली, की कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागले. मामा दोन्ही हात वर करून नाचल्यासारखे उड्या मारत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

रक्षाविसर्जनाला नात्यातल्या एक बाई सर्वांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "डोळं दिलं, आता पुढल्या जन्मी आंधळी यायची." मामा छाती भरून घेऊन उठणार, तोच दाजी म्हणाले, "येऊ दे. मी हाय की हात धरायला."

मला वाटलं होतं, आता मामांच्या कायद्याला आणखी जोर येणार. झालं उलटंच. परवा त्यांच्याबरोबर दाजींकडं गेलो होतो. दोघं बांधावर बसून तावातावानं भांडत होते, आणि मी चक्रावून ऐकत राहिलो, कारण सक्तीच्या बाजूनं दाजी बोलत होते!

"तुमचा कायदा आला असता तर बरं झालं असतं," दाजी म्हणत होते. "सरकारनं नेलं, म्हणून मोकळा झालो असतो. आता 'घ्या' मीच म्हणालोय. रोज सकाळी उठलं की ते कानात येतंय."

"न्हाय दाजी! न्हाय!" मामा मांडीवर थाप मारून ओरडले. "आक्का बोलली हुती, तुमी 'घ्या' म्हणालासा, म्हणून ते दिल्यागत झालं! कायदा करायचाच तर इच्यारायचा करा. घराघरांत, जित्या माणसाला, जेवताना, हसताना इच्यारलंच पायजे. आक्का बोलून गेली नसती तर तुमी त्या बाकावर काय केलं असतं?"

"त्येच म्हणतोय न्हवं मी," दाजी हळूच म्हणाले. "समद्यांचीच बायकू काय बोलून जाती व्हय?"

मामा बांधावरचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडत बसले.

ऊन उतरलं तसे दाजी उठले आणि बादली घेऊन गोठ्यात गेले. आक्का गेल्यापासून म्हैस त्यांना नीट धार काढू देत नाही, पाय झाडते. मामाही मागोमाग गेले आणि तिच्या गळ्याशी जाऊन उभे राहिले. तिची मान खाजवत, मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता अशा बारीक, खालच्या आवाजात ते म्हणू लागले, "उभी ऱ्हा, बाय. उभी ऱ्हा माजी बाय." म्हशीनं मान वळवून गोठ्याच्या दाराकडं एकदा पाहिलं. दाजी डोकं तिच्या कुशीला टेकवून थांबून राहिले. मग बऱ्याच वेळानं बादलीत पहिली धार वाजली.