द्रौपदीमावशींचं फाटक

आमची शाळा धामणकर नाक्यापासून दोन गल्ल्या आत. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की थेट रस्ता. त्यावर कापडाचे तागे भरलेले टेम्पो, रिक्षा, हातगाड्या. म्हणून बालवर्ग सुटताना एक रीत होती. मुलं ओसरीत रांगेनं बसत आणि द्रौपदीमावशी फाटकाशी उभ्या राहून एकेकाचं नाव पुकारत. नाव आल्याशिवाय मुलानं उठायचं नाही, आणि न्यायला आलेल्या माणसाचं तोंड नीट बघितल्याशिवाय मावशी मुलाचा हात सोडत नसत.

द्रौपदीमावशी शाळेच्या सेविका, राहायला टेमघरला. मी बालवर्गाची बाई. सत्तावीस वर्षं साडेअकराची ती सुट्टी आम्ही दोघींनी मिळून केली. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटावरून जायचा. "तनया, ऊठ गो, आजी आली तुझी. पिशवीत कायतरी खाऊ हाय वाटतं!" आमच्याकडची निम्मी मुलं कारखान्यात काम करणाऱ्यांची. शिफ्ट बदलली की न्यायला येणारा माणूसही बदलायचा. या आठवड्यात बाप, पुढच्या आठवड्यात शेजारीण. मावशींना सगळ्यांच्या शिफ्टा पाठ. एकदा एक जण मोटारसायकलवरून उतरला आणि हेल्मेटसकट हात पुढे केला. मावशी म्हणाल्या, "भैया, पहले टोपडा निकालो. बच्चा टोपडे को नहीं देती मी." तो म्हणाला, "मैं मामा हूँ उसका." "मामा असो नायतर मामलेदार, तोंड दाखव आधी."

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मावशींना अर्धांगाचा झटका आला. सकाळी चहा गाळताना गाळणं हातातून पडलं, ते उचलायला त्या वाकल्या आणि तशाच बसून राहिल्या. मुलीनं, संघरत्नानं, वेळेत दवाखान्यात नेलं. उजवा हात आणि पाय हळूहळू बरेच सुधारले. वाचा मात्र गेली ती पुरती परतलीच नाही. समजायचं सगळं. कुणी विनोद केला तर योग्य जागी हसायच्या. पण सांगायचं असेल ते ओठांवर येईपर्यंत हरवून जाई आणि त्याजागी एकच शब्द बाहेर पडे: 'चावी'. पाणी हवं तरी चावी, पंखा लावा तरी चावी. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून त्या बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. सगळी चावीच. संघरत्ना म्हणाली, "बाई, आई शाळेचं विचारतेय. दुसरं काय असणार?"

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून हजर. उजवा पाय किंचित ओढत त्या सरळ फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आमच्या मुख्याध्यापिका नीरजा मॅडम मनानं चांगल्या, पण त्यांच्यासमोर तो रस्ता होता. त्या मला म्हणाल्या, "बाई, मावशी पाण्याच्या खोलीचं काम करू देत. फाटकावर नाव घेता यायला नको का? उद्या एखादं पोर रस्त्यावर गेलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "आठ दिवस बघू या. मी आहे ना तिथं." मॅडम म्हणाल्या, "बरं. आठ दिवस. पण नावं माधव पुकारेल." माधव म्हणजे आमचा कारकून.

मावशींनी हे सगळं दाराशी उभं राहून ऐकलं होतं. पाण्याच्या खोलीकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मान जोरात हलवली.

पहिले तीन दिवस बघवत नव्हते. माधव हजेरीतून नाव वाचायचा आणि मावशी बाजूला उभ्या. एखादं ओळखीचं मूल दिसलं की ओठ हलायचे, चेहरा उजळायचा आणि बाहेर पडायची चावी. छोटा भाविक अगदी मनापासून म्हणाला, "मावशी, चावी तुमच्या कमरेलाच आहे!" सगळी मुलं हसली. मावशीही हसल्या. नंतर ओसरीच्या खांबाआड तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या त्या मला दिसल्या.

गुरुवारी एक पाहुणे आले. पडघ्याहून बसनं आले होते, हातात बिस्किटांचा पुडा. "सार्थकला न्यायला आलोय. त्याचा मामा हाय मी. ताईला बरं न्हाय, तिनं पाठवलं." माधवच्या वहीत तशी चिठ्ठीही होती. त्यानं हाक मारली, "सार्थक!" ओसरीतून एक सार्थक उठला, बिस्किटं बघितली आणि मामाचा हात धरून चालू लागला. मी एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत होते. माझंही लक्ष नव्हतं.

मावशींनी डावा हात फाटकावर आडवा धरला.

"चावी! चावी न्हाय!"

"आवो, कसली चावी?" मामा म्हणाले. "भाचा हाय माझा."

"मावशी, सोडा त्यांना," माधव म्हणाला. "नाव घेतलंय मी."

बाहेर रिक्षावाले भोंगे वाजवायला लागले. न्यायला आलेल्या बाया कुजबुजू लागल्या, "बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय." मावशींनी कमरेची चावी काढून फाटकाला कुलूप घातलं. मग पाय ओढत त्या ओसरीत गेल्या, रांगेच्या टोकाला पेंगत बसलेल्या दुसऱ्या मुलाला उठवून घेऊन आल्या आणि मामांच्या पुढ्यात उभं केलं. आधी त्या मुलाचा कान धरला, मग सरळ मामांचा. दोघांचेही कान सुपासारखे बाहेर आलेले.

मामा बघतच राहिले. "आयला, हा तर ताईचा! दोन वर्षांचा होता तवा बघितलेला मी." मग पहिल्याकडे वळून, "आणि तू कोन रे?"

"मी पण सार्थक," बिस्कीट खात पहिला म्हणाला.

माधवनं वही मिटली. "दोन आहेत," तो पुटपुटला. "मी आडनाव नाही वाचलं." मॅडम मधल्या जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी काय काय बघितलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी माधव वही घेऊन फाटकाकडे निघाला, तेव्हा मॅडमनी त्याला कार्यालयात बोलावून घेतलं. फाटकाशी मावशी एकट्याच. ओसरीत मुलं वाट बघत बसलेली. बाहेर आजी दिसली म्हणून मावशी तनयाजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले. नाव काही येईना. ही तनया म्हणजे हजेरीलाही 'हजर' न म्हणणारी मुलगी. वर्गात मी तिचा आवाज क्वचितच ऐकला होता. तिनं मान वर करून मावशींकडे पाहिलं, थोडी वाट बघितली आणि मोठ्यानं म्हणाली, "तनया!"

मावशींनी मान डोलावली आणि तिला आजीकडे दिलं. मग भाविकच्या डोक्यावर हात. "भाविक!" दोन्ही सार्थकांनी कुणी न शिकवता आडनावासकट नाव सांगितलं.

तीच पुढे रीत झाली. मावशी माणूस ओळखणार, मूल शोधणार, डोक्यावर हात ठेवणार, आणि नाव मुलानं स्वतः घ्यायचं. पाण्याच्या खोलीचं नाव मॅडमनी पुन्हा काढलं नाही. मावशींना पुढे थोडे शब्द परत मिळाले. चहा, ये, बस, आणि लेकीला हाक मारायला संघी. मुलांची नावं मात्र कधीच आली नाहीत. अजूनही साडेअकराला मला घरात बसल्या बसल्या तो जुना आवाज ऐकू येतो, लूमवरून जाणारा. आणि त्याच्यामागे एकेक करून मुलांचे आवाजही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. हार, नारळ, भाषणं सगळं झालं. माझा मुलगा मिहिर फाटकाबाहेर रिक्षा घेऊन थांबला होता. मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. तो याच फाटकातून घरी गेलेला मुलगा. पण मावशी फाटक उघडेनात. मी म्हटलं, "अहो मावशी, जाऊ द्या आता." त्यांनी मान हलवली आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

शाळेत मला सगळे बाईच म्हणत. माझं नाव तिथे कुणी कधी घेतलं नव्हतं.

"अनसूया," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला.

मावशींनी कानामागे हात धरला.

"अनसूया!" मी मोठ्यानं म्हणाले. मग त्यांनी फाटक उघडलं आणि माझा हात मिहिरच्या हातात दिला.