शहाण्णव हजारांवर घेतलेला लिलाव

डॉक्टर सांगत होते तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडं बघत बसलो होतो. अण्णांच्या घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल, आवाज राहणार नाही. मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो, अण्णांनाही पाजला.

अण्णा म्हणजे माझे वडील. माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांनी आयुष्यभर लिलाव पुकारला. ढिगात हात घालायचा, मूठभर दाणे वर काढायचे, तळहातावर पसरून व्यापाऱ्यांना दाखवायचे आणि बोली सुरू. शेवटी मालाच्या धन्याला विचारायचं, ‘देयाचा का?’ धनी नाही म्हणाला की हात वर करायचा, सौदा मोडला, माल परत घरी. त्यांचा आवाज फाटकाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. आणि मी त्यांचा मुलगा, घरातल्याच एका खोलीत लोकांचे आवाज रेकॉर्ड करून पोट भरतो. रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती. साड्यांचा सेल, नवे क्लास, निवडणुकीचा प्रचार. तालुक्यातल्या कुणाकुणाचे आवाज माझ्या कंप्युटरात पडलेत, अण्णांचा एक शब्द नव्हता. घरचाच आवाज, घेऊ की कधीपण, असं चाललं होतं.

ऑपरेशनला आठवडा उरला होता. त्याआधी अण्णांची एक पुकार धरून ठेवायची, एवढंच ठरवलं. मग मी काय केलं? ड्रायव्हर शोधत बसलो.

माइक आणि कंप्युटरच्या मध्ये एक डबा असतो, ऑडिओ इंटरफेस. त्या डब्याशी कंप्युटरला बोलायला जो प्रोग्राम लागतो तो ड्रायव्हर. असे दोन ड्रायव्हर होते, एक डबा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा कुठल्याही डब्याला चालणारा फुकटचा. रोजच्या कामाला मी फुकटचाच लावतो. आवाज सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजला जातो, रिक्षाच्या भोंग्याला तेवढं लई झालं. पण हे काम पुन्हा होणार नव्हतं. इंटरनेटवर एक शहाणा म्हणतो, त्याच्या वरचं काही माणसाच्या कानाला कळतच नाही. दुसरा म्हणतो, शहाण्णव हजाराच्या खाली रेकॉर्डिंग करणारा अडाणी. बीडचा एक मित्र डीजे लावतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “बे, माझं डोस्कं कावून खातूस? मोठा आकडा घे अन् मोकळा हो.” आठवडाभर मी हेच केलं. आकड्यांत डोकं घातलं की गाठीचा विचार येत नव्हता, म्हणून बरं वाटायचं.

शेवटच्या दुपारी अण्णांना स्टुलावर बसवलं. आवाज घुमू नये म्हणून दारावर वाकळ टांगली, पंखा बंद केला. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, ते गेल्यावर आधी जुन्याच सेटिंगवर माइक तपासायला घेतला.

“बोला काहीतरी.”

“काय बोलू? माल कुठंय?”

“माल कशाला पाहिजे? नुसतं पुकारा.”

“हातात माल न्हाई अन् पुकारू काय, कप्पाळ?”

मी तोवर ड्रायव्हर बदलायची खिडकी उघडून बसलो होतो. अण्णांनी हात लांब केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मुठीत केस धरले. घोगरा का होईना, तोच आवाज निघाला.

“बोला, बोला! माल बघून घ्या. जरा ओला हाय, वाळवावा लागंल. खडा न्हाई, माती न्हाई. बापाच्या रानातला हाय. बोला!” मग व्यापारीही तेच झाले, एकावर एक बोली चढवत गेले. माय वाकळ बाजूला सारून दारात येऊन हसत होती. अण्णा तिच्याकडं वळले. “मालकीणबाई, देयाचा का?”

“अण्णा, आवाज वाया घालवू नका!” मी खेकसलो आणि रेकॉर्डिंग थांबवलं. मायचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं.

मग खरं काम. मायनं ज्वारीचं अर्धं पोतं फरशीवर ओतलं. मी कंपनीचा ड्रायव्हर लावला, आकडा शहाण्णव हजार. अण्णांनी ढिगात हात घातला आणि मोंढा उभा केला. शेवटाला आवाज फाटला, पण पुकार पुरी झाली. माझ्या कानाला हेडफोन होता, आवाज स्वच्छ येत होता. तो थेट डब्यातून येत होता, कंप्युटरात काय पडतंय ते त्यात कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते त्या वेळी डोक्यात आलं नाही.

लावून बघितलं तर दर दोन शब्दांमागं टक्, टक्. माझ्या जुन्या लॅपटॉपला तो आकडा झेपलाच नव्हता. मधले आवाज घेतलेच गेले नव्हते. अण्णा कोमट पाणी पीत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हातानं सांगितलं, बास. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो.

तेव्हाही मला काही वाटलं नाही. औषधं आणली, जेवणाचे डबे धुतले, भेटायला येणाऱ्यांना चहा पाजला. घरी आल्यावर अण्णा हातानं आणि ओठांनी बोलायला लागले, तेही मला चालून गेलं. महिनाभर त्या फुटक्या पुकारीची डागडुजी करत बसलो. जे घेतलंच नव्हतं ते कुठून येणार? शेवटी नाद सोडला.

परवा लॅपटॉपमध्ये जागा करायची म्हणून तपासणीच्या फायली पुसायला घेतल्या. पुसण्याआधी एक लावली. फुकटचा ड्रायव्हर, चव्वेचाळीस हजार शंभर. एक टक् नाही.

“बोला, बोला! माल बघून घ्या.”

ओसरीवर बसलेले अण्णा उठून आत आले. माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. भाकरी थापता थापता माय तशीच पिठाच्या हातानं दारात आली. बोली चढत गेली. “मालकीणबाई, देयाचा का?” आणि तिथंच फाईल संपली, कारण तिथंच मी बटण दाबलं होतं.

माझ्या डोक्यावर हात पडला. मुठीत केस धरले गेले. मी वर बघितलं तर अण्णा मायकडं बघत होते.

“न्हाई,” माय म्हणाली. “न्हाई देयाचा.”

अण्णांनी दुसरा हात वर केला. मग मी रडलो.