तूबाखानमचं शून्य

तूबाखानमइतकी सभ्य बाई सगळ्या यज्द शहरात मी पाहिली नाही, आणि त्यांच्या सभ्यपणाने माझं डोकं जितकं फिरवलं तितकं कुणीच फिरवलं नाही. तीस वर्षं त्या घरी बाकलव्याची मिठाई करून लग्नघरी पुरवत. दवाखान्यात आल्या की "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत सगळ्यांच्या मागे उभ्या. गळ्यातली गाठसुद्धा त्यांनी वर्षभर अशीच मागे ठेवली होती.

मी कॅन्सरच्या रुग्णांना भीतीशी कसं वागायचं ते शिकवते. आठ बायकांचा वर्ग, सकाळी दहाला, चहासकट. श्वास मोजायचा, अंग सैल सोडायचं आणि भीतीला शून्य ते दहातला आकडा द्यायचा. तूबाखानमचा आकडा ठरलेला. "शून्य, डॉक्टरखानम. तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते." मी मूर्खासारखा विश्वास ठेवला.

मग किरणांचे उपचार सुरू झाले. जाळीचा घट्ट मुखवटा चेहऱ्यावर बसवून टेबलाला अडकवतात. बारा मिनिटं हलायचं नाही. दोन मिनिटांतच हात हलवून त्यांनी तो काढायला लावला, तंत्रज्ञ मुलीची तीनदा माफी मागितली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर मला म्हणाले, "त्यांना समजवा. गाठ काही थांबून राहणार नाही."

मी वर्गातच चिडले. "शून्य म्हणता आणि पळून जाता?"

"शेजारी अशरफखानम बसतात," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याहून वडील, आजारही मोठा. त्या चार म्हणाल्या. मी नऊ कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि मी चार का म्हणाले?" अशरफखानम तडकल्या. "डॉक्टरखानम एवढ्या राबतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

सगळ्या हसल्या. मला मात्र लाज वाटली. मीही इथलीच. आमच्याकडे खरं उत्तर तिसऱ्या आग्रहाला मिळतं, आणि मी एकदाच विचारून मोकळी होत होते.

"आजपासून आपला आकडा कुणी सांगायचा नाही," मी म्हटलं. "शेजारणीचा सांगायचा."

अशरफखानमनी तूबाखानमचा हात हातात घेतला. "गार पडलाय. दहा."

तूबाखानम रडायला लागल्या. "त्या मुखवट्याखाली वाटतं, मला जिवंतपणी कफनात गुंडाळलंय." पाच महिन्यांत हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

पुढचे तीन दिवस वर्गात एकच काम. तूबाखानम आडव्या, चेहऱ्यावर पिठाची चाळणी, आणि अशरफखानम श्वास मोजायला.

"नाकात पीठ गेलं हो."

"जाऊ दे. आता तूच आकडा सांग."

"नऊ."

"काल दहा होता. पीठ लागू पडतंय."

शनिवारी मी बाहेरच्या खोलीत तंत्रज्ञ मुलीच्या शेजारी, आतलं दाखवणाऱ्या पडद्यासमोर उभी होते. मुखवट्यात जबडा हलत नाही, म्हणून बोटं दाखवायची आणि नकोच झालं तर हात हलवायचा असं ठरलं होतं. मी माइकवरून विचारलं, "आकडा?"

आठ बोटं वर आली.

"आठ? राहू दे का आज?" ती मुलगी घाबरून म्हणाली.

तेवढ्यात तूबाखानमनी उजवा हात थोडा पुढे केला, दारातल्या पाहुण्याला 'या' म्हणताना करतो तसा, आणि पोटावर ठेवला. यंत्र सुरू झालं. बारा मिनिटं त्या हलल्या नाहीत.

बाहेर आल्या तेव्हा गालांवर जाळीचे वळ होते. माफी कुणाचीच मागितली नाही. म्हणाल्या, "उद्या किती वाजता?"