दादाला मत आहे

मतदानाच्या सकाळी आमचं चारकोपचं अख्खं घर नटूनथटून एकत्र निघतं, लग्नाला निघाल्यासारखं. मागे राहायचा तो फक्त दादा, माझा थोरला भाऊ. "कुकर मी लावतो, तुम्ही जावा," म्हणायचा. तरुणपणी एका मारामारीत त्याने एका माणसाचा हात कायमचा निकामी केला होता. त्याची शिक्षा पूर्ण भोगून तो सुटून आला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला लागला. पण जेलात गेलेल्याचं मत कायमचं जातं, असं त्याने मनाशी धरलेलं, आणि आम्हीही. कुणी कुणाला विचारलंच नाही! अरे, विचारायला काय पैसे पडतात?

गेल्या निवडणुकीआधी मतदार यादीच्या कामाला फिरणाऱ्या बाई दारात आल्या, तेव्हा मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आत असेपर्यंत नाही. सुटले की मत आहेच." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हा माणूस घरात कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसला! तिथल्या तिथे त्याचं नाव घालायला लावलं.

यादीत नाव आलं, तरी गडी हलेना. "केंद्रावर नाव मोठ्याने वाचतात गं. पक्षांची माणसं बसलेली असतात, सगळी आपल्याच सेक्टरमधली. कोणी उठून म्हणालं, हा तर जेलवाला, मग?"

"मग मी आहे ना! बघतेच कोण बोलतो ते."

"तुझं तोंड चालतं, माझं नाही."

"माझं चालतं तेवढं बस झालं. शर्ट घाल."

केंद्रावर मी त्याच्या मागेच उभी राहिले. अधिकाऱ्याने त्याचं नाव वडिलांच्या नावासकट खणखणीत वाचलं. दादा मान खाली घालून थांबला. मी माघार घेणार नव्हते. पक्षाच्या एका माणसाने वर पाहिलं. त्याने ओळखलं, हे मला कळलं. मग कागदावर टिक करून तो म्हणाला, "हां, पुढे." एवढंच. भांडायला कोणी मिळालंच नाही.

शाई लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, हात."

दादाने दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं ताठ पसरून, पोलीस ठाण्यात ठसे घेताना पसरायला लावतात तशी.

बाईंना काही कळेना. "अहो काका, एकच बोट. डाव्या हाताचं."

मी पुढे झाले, त्याचा उजवा हात खाली घेतला आणि धरून ठेवला. सगळ्या रांगेसमोर मला रडू फुटलं.