काखेतलं कुंकू

थोरल्या जावेनं दिलेली सुगंधी फवाऱ्याची बाटली दोन उन्हाळे माझ्या कपाटात होती. सील तसंच. कपाट उघडलं की ती दिसायची आणि माझं डोकं फिरायचं. मुद्दाम समोर ठेवली होती. राग विसरायला मला परवडत नाही. धंद्यात मी तो राखूनच वर आले.

माझी हळदीची चक्की आहे. वसमतच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. सुरुवातीला बांधावर उभी राहून ओली हळद घ्यायचे, उकडायचे, वाळवायचे, आणि व्यापाऱ्याशी घासाघीस करून विकायचे. आता दळून, पुड्या भरून विकते. उकडण्याच्या हंगामात पहाटेपासून हळदीच्या पिंपाएवढ्या कुकरच्या वाफेत उभं राहावं लागतं. तो वास कातडीत जातो. वर घाम. साबणानं घाम जातो, हळद जात नाही.

जावेच्या मुलाच्या लग्नात मी आंघोळ करून, नवं पातळ नेसून गेले होते. ती शहरात राहते. आहेराच्या वेळी आम्ही बायका गोल बसलो होतो, आमच्या दोन्ही नणंदा तिथेच. जावेनं पर्समधून बाटली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हे घे, मार थोडं. पाहुणे मोठे आहेत. तुझ्या अंगाला ना, हळदीच्या कुकरचा वास येतो."

नणंदा हसल्या. थोरल्या नणंदेनं तर तोंडाला पदर लावला. मी बाटली पिशवीत टाकली. लग्नघर होतं. पण जेवले नाही, आणि परत येताना गाडीत नवऱ्याशी उगीच भांडले.

यंदा माझ्या लेकीचा साखरपुडा ठरला. मुलगा कुरुंद्याचा, घरी हळदच. चैत्रातलं ऊन, मंगल कार्यालय पत्र्याचं, आणि थोरली जाऊ म्हणून ती माझ्या शेजारीच बसणार. मी ठरवलं, त्या दिवशी अंगाला घामाचा वास येता कामा नये, आणि तिची बाटलीही लावायची नाही. स्वतःचं काहीतरी करायचं.

लेकीनं मोबाईलवर शोधून सांगितलं की खायचा सोडा, आरारूट आणि खोबरेल तेल घोटून घरीच मलम करता येतं. काखेत बोटभर लावायचं. वासासाठी काहीतरी पाहिजे होतं. मी काष्ठौषधीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पुडी पुढे केली.

"अस्सल नागरमोथा आहे, मावशी. घ्या वास."

घेतला. ओळखीचा निघाला. "ह्यो तर लव्हाळा. आमच्या हळदीत उगवतो. आमी खुरपून बांधावर फेकतो ह्याला."

"मग फेकायचा कशाला? आणा की इकडं."

"आणते. काय भावानं घेता?"

"अहो, तुम्ही घ्यायला आलात का विकायला?"

"ते तुमच्या भावावर हाय."

तो पुडी परत ठेवायला लागला. मी उठलेच होते. लव्हाळ्यानं माझ्या कमरेचं काय केलंय ते मला माहीत. त्याला वर पैसे मोजून घरी आणणारी मी नव्हे.

शेतातून लव्हाळ्याच्या गाठी खणून आणल्या, धुऊन वाळवल्या. वाळल्यावर त्या खड्यासारख्या होतात. मिक्सरचं भांडं खडखडायला लागलं. नवरा दारातून बघत होता.

"काहून गं, गिट्टी दळून राहिली का?"

"तुमी बसा गुमान."

"बसतो. पण सोडा आणलाय म्हणून इचारतो, भजे व्हनार हायेत का?"

भजी झाली नाहीत. गाठी मी चक्कीवर नेल्या. चक्कीतली हळद निघावी म्हणून आधी तांदूळ फिरवले, एकदा नाही, तीनदा. शेवटचा तांदूळ पांढराशुभ्र निघाला. निदान मला तसा दिसला. मग गाठी दळल्या. तपकिरी, मऊ पूड झाली, मातीसारखा गोड वास. सोडा, आरारूट, तेल घालून घोटलं आणि स्टीलच्या डबीत भरलं.

आठवडाभर मी ते लावून कुकरपाशी उभी राहिले. घामाचा वास नावाला नाही. रोजचे ब्लाऊज मी तपासलेच नाहीत. ते हळदीनं पिवळे आणि साबण लागून लाल झालेले असतातच. हळदीच्या घरात पिवळा रंग डोळ्यांना दिसायचा थांबतो. चूक तिथे झाली.

साखरपुड्याला मी मोतिया रंगाचा रेशमी ब्लाऊज घातला. कार्यालयात दुपारी वीज गेली, पंखे थांबले. बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. जाऊ माझ्या शेजारीच होती. तिच्या बाटलीतलं अत्तर आणि तिचा घाम यांचा मिळून एक तिसराच वास सुटला होता. माझ्या अंगाला काही नाही. मी खुशीत होते. लेकीचा गजरा सुटला म्हणून उठले, तिच्या मागे उभी राहिले आणि माळायला दोन्ही हात वर केले.

"अगं, रक्त!" जाऊ ओरडली.

सगळ्या बायका वळल्या. मी खाली बघितलं. दोन्ही काखांत तळहाताएवढे लालभडक डाग.

मला तेव्हाच कळलं. हळदीला ओला सोडा लागला की ती लाल होते, हे मी शेंबडं पोर असल्यापासून जाणते. चक्कीच्या सांदीत हळद राहिली होती, गाठींबरोबर आली होती, आणि घामानं सोडा भिजला होता. पण हे सगळं त्या बायकांना उभ्या उभ्या कसं सांगणार? थोरल्या नणंदेचा पदर पुन्हा तोंडाकडे निघाला. आता कुणी एक शब्द बोललं असतं तर मी लेकीचा साखरपुडा बघितला नसता.

विहीण उठली. कुरुंद्याची बाई, बोटांची नखं माझ्यासारखीच पिवळी. तिनं जवळ येऊन डाग निरखला.

"रगत कशाचं? हळदीत सोडा पडलाय." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हय हो इहीणबाई, काखंत कुंकू लावायची रीत हाय का तुमच्याकडं?"

हशा उठला. मी हात खाली घेतले नाहीत.

"रीत न्हाई. घामावरचं औषध हाय, घरी केलेलं. वास घेऊन बघा."

तिनं खरंच नाक पुढे आणलं. "लव्हाळा?"

"लव्हाळा."

"अगं बया! आन् आमी बांधावर फेकून राहिलो."

मग एकेक बाई आली. नणंदाही आल्या. जाऊ जागची उठली नाही, पण मान पुढे करून तिनंही वास घेतला. मी बघितलं.

त्यानंतर मी नवा खलबत्ता आणला आणि गाठी त्यातच कुटायला लागले. हळदीचा कण त्याला लागू देत नाही. लग्नाच्या आधी जावेचा फोन आला.

"माझ्यासाठी एक डबी ठेव."

"ठेवते. पण अशी फोनवर न्हाई, अक्का. हळदीच्या दिवशी मागा. बाया बसल्यावर."

"मी थोरली आहे तुझ्यापेक्षा."

"म्हनून तर तुमचा आवाज लांब जातोय."

"तुझ्या विहिणीसमोर मागते."

"इहीन आन् आपल्या दोन्ही नणंदा."

"नणंदा नाहीत."

"मंग डबी न्हाई."

तिनं फोन ठेवला. मी पण परत केला नाही. घासाघिशीत जो आधी बोलतो तो उतरतो.

हळदीच्या दिवशी लेक पाटावर बसली होती. नणंदा होत्या, मानाची हळद घेऊन विहीण आली होती. गाणी थांबली तेवढ्यात जाऊ बोलली, माझ्याकडे न बघता, विहिणीकडे बघून, पण मोठ्यानं.

"हिच्याकडून एक डबी मागायची आहे मला. माझ्या बाटलीपेक्षा हिचं बरं आहे."

धाकटी नणंद थोरल्या नणंदेकडे बघायला लागली. मी आत गेले, डबी आणली, कपाटातली बाटलीही आणली. दोन्ही तिच्या मांडीवर ठेवल्या. सील तिला दिसलं. डबी उघडून तिनं वास घेतला.

"ह्याला कुकरचा वास येत नाही," ती म्हणाली.

"येनारच न्हाई," मी म्हटलं. "तो माझ्या अंगाचा हाय."

आणि वाटीतली हळद घेऊन मी लेकीच्या गालाला लावली.